आधी बोलला तो हरला म्हणे!

आज ऑफिसात अर्धा दिवस कम्युनिकेशनचं ट्रेनिंग. ट्रेनर पोरगा चटपटीत, पहिल्याच स्लाईडवर बुद्धिबळाचा पट. म्हणे प्रत्येक संभाषण हा गेम असतो, समोरचा तुमचा अपोनंट, आधी बोलला तो हरला, मेसेज आला तरी लगेच रिप्लाय द्यायचा नाही, जरा ताटकळत ठेवायचं म्हणजे आपली व्हॅल्यू वाढते. आणि आमची मंडळी माना डोलावत नोट्स काढतायत! डोकंच फिरलं माझं.

ताटकळत ठेवायचं म्हणजे कुणाला? शेजारच्या टेबलावर बसून आपल्याच डब्यातली भाजी खाणाऱ्या माणसाला?

मला सारखे अण्णा आठवत होते. मी पुण्यात होस्टेलला, घरी लँडलाईन. २००३ च्या मे महिन्यात मोबाईलवरचं इनकमिंग फुकट झालं पण आउटगोइंगचे पैसे पडायचेच, त्यात एसटीडी. मग आमचं ठरलेलं, एक मिस कॉल म्हणजे सुखरूप पोचलो, पाठोपाठ दोन म्हणजे काम आहे, तुम्ही करा. आख्खा महाराष्ट्र असाच बोलायचा हो, एक पैसा न घालवता!

आता हा गेम नाही तर काय? आहेच. नियम आहेत, खुणा आहेत, डाव चुकतोही. पण अण्णा माझे अपोनंट नव्हते. डेव्हिड लुईस नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९६९ मध्येच हे मांडून ठेवलंय की खूण चालते कारण ती बरोबर कळण्यात दोघांचाही फायदा असतो. जिंकले तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. ट्रेनरसाहेबांच्या स्लाईडवर हे कुठंच नव्हतं.

एकदा रात्री घरी कुणाचे तरी दोन राँग नंबर लागोपाठ आले. झालं! अण्णांनी माझ्या मित्राच्या मोबाईलवर फोन, तो उचलेना, मग थेट रेक्टरला. रेक्टरनं मला झोपेतून उठवून खाली आणलं आणि पलीकडून अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "बरा आहेस ना? मग ठेव, मीटर पडतोय." कोण जिंकलं सांगा बरं यात?

हां, पगाराची बोलणी, जागेचा सौदा, लग्नाची बैठक, तिथं पत्ते झाकूनच बसावं लागतं, मान्य. "आमच्या काही अपेक्षा नाहीत" म्हणणाऱ्यांची यादी सगळ्यात लांब असते हेही माहितीय. पण तेवढ्यावरून घरात, मित्रांत, टीममध्ये पण तसंच वागायचं? २०१४ ला ब्लू टिक आली तेव्हापासून तर लोकांना हे व्यसनच लागलंय, वाचायचं आणि गप्प बसायचं. दुपारी एकाला साधी फाईल मागितली, दोन निळ्या टिका आल्या आणि साहेब समोर बसून चहा पितायत. ट्रेनिंगचा इफेक्ट! राग राग झाला नुसता.

अण्णांकडे आता अनलिमिटेड पॅक आहे. तरी अजून मिस कॉलच देतात, आणि मी उलटा फोन केला की म्हणतात, काही नाही रे, सहज. मी चिडतो कधीकधी, पण करतोच फोन.

तुमच्या घरी मिस कॉलचं काय ठरलेलं असायचं ते लिहा खाली. आणि "आम्ही बाबा सरळ फोनच लावायचो" म्हणणाऱ्या श्रीमंतांनी कृपया लांब राहावं.