पाखोमची जमीन आणि ब्रेखुनोव्हच्या मेणबत्त्या

टॉलस्टॉयची पाखोमची गोष्ट (‘माणसाला किती जमीन लागते?’) आपल्याकडे बोधकथा म्हणून फिरते, आणि फिरता फिरता तिच्यातले सगळे आकडे गळून पडतात. उरतं ते एवढंच : माणसाला शेवटी साडेतीन हात जागा लागते, हाव करू नये. हा त्या गोष्टीवर अन्याय आहे. हाव वाईट हे सांगायला टॉलस्टॉय कशाला हवा? हाव नेमकी कुठल्या पावलाला माणसाचा ताबा घेते, हे त्याने मोजून दाखवलंय. म्हणून ही १८८६ची गोष्ट आकड्यांसकट वाचायला हवी.

पाखोम हा शेतकरी. तो आधी १५ देस्यातिना जमीन घेतो, म्हणजे साधारण ४० एकर. त्यासाठी शिंगरू विकतो, निम्म्या मधमाश्या विकतो, पोराला मजुरीला लावतो. पुढे व्होल्गापलीकडे ५० देस्यातिना मिळतात. तेही कमी वाटायला लागतात, आणि मग तो बाष्कीर लोकांच्या माळावर पोचतो. तिथला सौदा असा : १,००० रूबल टोपीवर ठेवायचे, सूर्योदयाला फावडं घेऊन निघायचं, वळणावळणाला खड्डा खणून खूण करायची आणि सूर्य मावळायच्या आत टोपीपाशी परत यायचं. जेवढ्याला फेरा पडेल तेवढी जमीन आपली. वेळेत पोचलो नाही तर पैसे बुडाले.

आता हिशेब. एक वर्स्ट म्हणजे १ किलोमीटर ६७ मीटर. पाखोम पाच वर्स्ट सरळ जातो. तिथेच डावीकडे वळला असता आणि चारही बाजू तेवढ्याच ठेवल्या असत्या, तर २१ किलोमीटर चालून, दिवस हातात राखून, ७,००० एकरांचा मालक होऊन परतला असता. पण पुढची जमीन चांगली आहे, सोडवत नाही, म्हणून तो आणखी पाच वर्स्ट जातो. दुसऱ्या बाजूवरून वळायच्या वेळी ओलसर खोलगट भाग दिसतो. जवस छान येईल म्हणून तोही आत घेतो. तिसऱ्या बाजूला जेमतेम दोन वर्स्ट झालेत तोवर ऊन कललेलं आणि टोपी १५ वर्स्ट लांब. या अंतरांवरून दुसरी बाजू काढली तर ती बारा-तेरा वर्स्ट भरते. एकूण ४० वर्स्टच्या आसपास, ४२ किलोमीटर. आजच्या मॅरेथॉनएवढं अंतर, निम्म्याहून जास्त वाट अनवाणी, आणि शेवटचा टप्पा धावत.

संक्षिप्त आवृत्त्यांमध्ये हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे पाखोम हरत नाही. सूर्य बुडायच्या आत त्याचे हात टोपीला लागतात. सौदा तो जिंकतो, माझ्या मोजणीप्रमाणे आठ हजारांहून जास्त हेक्टर मिळवतो, आणि तिथेच मरतो. नोकर तीन अर्शिन लांबीचा खड्डा खणतो, म्हणजे २ मीटर १३ सेंटिमीटर. इथे मृत्यू शिक्षा म्हणून येत नाही. हिशेब पूर्ण जुळल्यावर येतो, म्हणून तो इतका बोचतो. आणि हे लिहिणारा बाहेरून बोट दाखवणारा नव्हता. टॉलस्टॉयने स्वतः १८७१ मध्ये समारा प्रांतात, याच माळांच्या मुलखात, सुमारे २,५०० देस्यातिना जमीन घेतली होती.

पण श्रद्धेचा प्रश्न पाखोममध्ये फारसा येत नाही. धावताना त्याच्या मनात एवढं येतं की जमीन तर पुष्कळ झाली, पण तिच्यावर राहायला देव जगवेल का? श्रद्धेसाठी १८९५ची ‘मालक आणि नोकर’ वाचावी लागते. मला विचाराल तर या विषयावर टॉलस्टॉयने यापेक्षा मोठं काही लिहिलेलं नाही, ‘इव्हान इलिच’सुद्धा नाही.

वासिली ब्रेखुनोव्ह व्यापारी आहे आणि गावच्या चर्चचा कारभारीही. एका जमीनदाराची वनराई त्याला घ्यायची आहे. मालक १०,००० मागतोय, हा ७,००० देऊ करतो, आणि याला ठाऊक आहे की तेवढी रक्कम खऱ्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच आहे. सोबत ३,००० रूबल घेतो : स्वतःचे ७००, आणि चर्चचे त्याच्या ताब्यात असलेले २,३००. नोकर निकिता. त्याच्यासारख्या गड्याचा वर्षाचा मेहनताना ८० रूबल, पण हा देतो ४०च्या आसपास. तेही सुटे सुटे आणि बहुतेक आपल्याच दुकानातल्या मालाच्या रूपात, चढ्या भावाने.

हिमवादळात वाट चुकते. दोनदा ते ग्रिश्किनो गावात येऊन पोचतात. दुसऱ्या खेपेला तर एका खात्यापित्या घरात चहा होतो, मुक्कामाचा आग्रह होतो. ब्रेखुनोव्ह नाही म्हणतो, कारण शहरातले लाकूडव्यापारी आधी पोचतील. जीव जातो तो इथे, चुलीच्या उबेत बसून घेतलेल्या या निर्णयात. पुढे घळीत घोडा थांबतो, तेव्हा फक्त अंमलबजावणी उरलेली असते.

रात्री बर्फात अडकल्यावर तो आधी मालमत्ता मोजतो. मग भीती वाढते तसा संत निकोलसला मेणबत्त्या आणि प्रार्थना कबूल करतो. आणि लगेच त्याला आठवतं की त्या संताच्या प्रतिमेपुढच्या मेणबत्त्या तो स्वतःच विकतो. जेमतेम पेटलेल्या मेणबत्त्या त्याच्याकडेच परत येतात आणि पेटीत जातात. ती सोनेरी चौकट, तो पुरोहित, त्या प्रार्थना चर्चमध्ये फार महत्त्वाच्या असतील, पण त्यांचा आणि या बर्फाचा काही संबंध नाही, हे त्याला लख्ख कळतं. नवस हा सौदा असतो आणि आपण दोन्ही बाजूंनी दलाली खात आलो, हे सौद्यातल्या माणसालाच इतकं स्पष्ट दिसू शकतं. ज्याला आपल्या देवस्थानांचा कारभार ठाऊक आहे, त्याला ही दोन पानं समजावून सांगावी लागणार नाहीत.

हे कळतं तेव्हा तो निकिताला टाकून घोड्यावरून पळालेला असतो. गोल फिरून तो परत तिथेच येतो. निकिता गोठत चाललाय. आणि ब्रेखुनोव्ह किफायतीच्या खरेदीत हातावर हात मारावा तशा ठाम हालचालीने बाह्या सारतो, निकितावरचं बर्फ झटकतो, फरकोट उघडून त्याच्यावर पालथा पडतो. टॉलस्टॉयने इथे त्याला संत केलेलं नाही. व्यापाऱ्याचा झटपट निर्णय तोच आहे, फक्त बदल्यात काही मागितलेलं नाही. सकाळी ब्रेखुनोव्ह आणि घोडा मेलेले सापडतात, निकिता वाचतो. जागा रस्त्यापासून ७० साजेन, म्हणजे जेमतेम १५० मीटर. लोकांना ती सापडते, कारण निकिताने स्लेजचे दांडे उभे करून ठेवले होते आणि ब्रेखुनोव्हने त्यांना वर रुमाल बांधला होता. निकिताची श्रद्धा अशी हाताला काम असलेली आहे. मरणाला तो फारसा भीत नाही, कारण वर एक मोठा मालक आहे असं तो धरून चालतो. तरीही दांडे उभे करतो.

चेखवची १८९४ची ‘रॉथशिल्डचं व्हायोलिन’ याला लागूनच वाचा. याकोव्ह शवपेट्या बनवतो आणि तोट्याची वही ठेवतो. बायको मरायला टेकलीय, तर तो लोखंडी पट्टीने तिचं माप घेऊन पेटी करतो आणि नोंद टाकतो : मार्फा इव्हानोव्हाची पेटी, २ रूबल ४० कोपेक. तिथे देव मदतीला येत नाही. येते ती एक विसरलेली मुलगी, नदीकाठचं विलोचं झाड, आणि जन्मभर हिडीसफिडीस केलेल्या वादकाला दिलेलं व्हायोलिन. विश्वास न ठेवताही हिशेब सुटू शकतो, हे चेखवने दाखवलं.

तीन अर्शिनांवर तर त्याने उघड आक्षेप घेतला. १८९८च्या ‘गूजबेरीज’मध्ये त्याचं पात्र म्हणतं की तीन अर्शिन प्रेताला लागतात, माणसाला अख्खी पृथ्वी लागते. जमिनीच्या बाबतीत मी चेखवच्या बाजूने आहे. कसणाऱ्याने जास्त जमीन मागणं हे पाप नाही, आणि पाखोमची गोष्ट भूमिहीनाला गप्प बसवायला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. बर्फातल्या त्या रात्रीबद्दल मात्र चेखवकडेही उत्तर आहे असं मला वाटत नाही.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी पाखोम, मग ‘गूजबेरीज’, मग याकोव्ह आणि शेवटी ‘मालक आणि नोकर’. चारही मिळून दीडशे पानांच्या आत बसतात. फक्त संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. काटछाट करणारे सगळ्यात आधी रूबल आणि वर्स्ट उडवतात.