मशीन बंद पाडायचीय? आधी विंडोज 11 टाका

ज्यांच्या शॉपमध्ये वीस-पंचवीस वर्षं जुनी मशीन अजून निमूट चालतेय, आणि ते बघवत नाहीये, त्यांच्यासाठी हे उपाय. सगळे आमच्याकडे नुकतेच करून झालेत, रिझल्ट गॅरंटीड.

पहिलं म्हणजे मेंटेनन्सचा जुना लॅपटॉप शोधा. तोच तो, कपाटात सगळ्यात खाली, झाकणावर 'हात लावू नये' लिहिलेला, आत विंडोज एक्सपी. त्याला हात लावा. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपलाय, विंडोज 10 चा पण 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, ऑडिटवाल्यांना काय तोंड दाखवणार? भंगारात द्या. देण्याआधी बॅकअप मात्र नीट घ्या हां: डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. सी ड्राइव्हमधलं स्टेप 5 चं (सीमेन्सच्या जुन्या एस5 पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) फोल्डर, ज्यात प्रेसचा प्रोग्राम आहे, ते सोडून द्या. असल्या विचित्र नावाच्या फाइली कोण उघडतंय.

त्या सॉफ्टवेअरचं फ्लॉपीवरून हार्ड डिस्कवर ट्रान्सफर केलेलं लायसन्स असेल तर विचारूच नका, फॉरमॅट मारा.

आता नवीन लॅपटॉप. पातळ, चंदेरी, टीपीएम 2.0 या सिक्युरिटी चिपवाला. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं आणि 64 बिट विंडोजवर 16 बिटचे डॉस प्रोग्राम चालतच नाहीत, त्यामुळे सॉफ्टवेअर उघडेल की नाही हे टेन्शनच मिटलं.

कंपॅटिबिलिटी मोड लावून बघा. झालं? आता बंद करा.

मग येते लॅपटॉप पीएलसीला जोडायची केबल. नवीन लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, पर्चेसवाला म्हणतो यूएसबीची मिळते की, अडीचशेला, आणि खरंच मिळते. लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि पोर्टच्या नावाच्या जागी केबलमधली चिप 2012 पासून बंद झालीय असा निरोप, म्हणजे चिप बनवणाऱ्यांनीच नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिपला हाकललंय, आता जुना ड्रायव्हर शोधा, तो टाका, रात्री विंडोज अपडेट येणार आणि नवा ड्रायव्हर परत बसवणार, सकाळी परत पिवळा त्रिकोण. समजा हे जमलं तर पोर्टचा नंबर कॉम 17. सॉफ्टवेअरला माहितीयेत कॉम 1 ते 4. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन नंबर बदला, तर म्हणे 'इन यूज'. कोण वापरतंय? कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लावलेलं ब्लूटूथ! तेही जमलं समजा, तरी डॉसचं सॉफ्टवेअर थेट 3एफ8 या (कॉम 1 च्या ठरलेल्या) पत्त्यावरच्या हार्डवेअरशी बोलायला जातं, आणि यूएसबीच्या केबलला तो पत्ताच नसतो. त्यात एस5 चा प्रोग्रामिंग पोर्ट साधा आरएस 232, म्हणजे नेहमीचा सिरियल, नाहीच, तो 20 मिलीॲम्पिअरचा करंट लूप, मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि जो कन्व्हर्टर पोर्टमधूनच वीज ओढतो तो या स्वस्तातल्या केबलवर अर्धा जीव घेऊन पडतो. प्रेस उभी आहे, एका लिमिट स्विचचा सिग्नल येतोय की नाही एवढंच पीएलसीला जोडून लाइव्ह बघायचंय, आणि मागे उभा राहून प्रॉडक्शनवाला विचारतोय, 'साहेब, केबलचाच प्रॉब्लेम आहे ना?' हो बाबा, केबलचाच.

स्काडा, म्हणजे मशीनची स्थिती कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर, असेल तर त्या कॉम्प्युटरवर पण अपडेट मारत राहा. मार्च 2023 मध्ये डीकॉमचं (विंडोजमधली, प्रोग्रामांनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायची सोय) हार्डनिंग, म्हणजे सुरक्षा कडक करणं, सक्तीचं झालं तेव्हा कितीतरी ठिकाणचं जुनं ओपीसी, म्हणजे पीएलसीचा डेटा स्काडाला पोचवणारा दुवा, एका पॅचमध्ये गप्प झालं. पीएलसी ठणठणीत, फक्त स्क्रीनवरचे सगळे टॅग, म्हणजे मशीनची रीडिंग, 'बॅड'. ऑपरेटरला सांगा, अंदाजाने चालव.

वेंडरला बोलवा. तो केबल बघणारच नाही, रेट्रोफिटचं, म्हणजे जुना कंट्रोल काढून नवा बसवायचं, कोटेशन देईल.

आता सरळच बोलतो, कारण डोकं फिरलंय. आयटीवाल्यांचं एक बरोबर आहे, एक्सपी नेटवर्कवर ठेवू नये, वॉनाक्राय व्हायरसने 2017 मध्ये ते दाखवलंय. पण हा लॅपटॉप नेटवर्कला लावलाच नव्हता! विचारायला काय जात होतं? एक फोन? आणि साहेबांना तर काय बोलायचं, कोटीची प्रेस घेताना हात आखडला नाही, आणि तिच्यासाठी एक जुना सिरियल पोर्टवाला लॅपटॉप, एक जादा हार्ड डिस्क आणि प्रोग्रामची पेन ड्राइव्हवरची एक कॉपी तिजोरीत ठेवा म्हणून मेल टाकला तर 'नेक्स्ट क्वार्टरला बघू'. कसलं नेक्स्ट क्वार्टर? लॅपटॉप अजून गेटजवळ भंगाराच्या पिंजऱ्यात आहे, आजच्या आज बाहेर काढा, डिस्कची इमेज घ्या, नवीन लॅपटॉप एक्सेलला वापरा.

तोवर प्रोग्राम फक्त पीएलसीच्या रॅममध्ये आहे, आणि रॅम जिवंत आहे ती एका बॅटरीवर. 'बॅटरी लो' असा दिवा कधीचा लागलाय. ती बदलताना मशीनची पॉवर चालू ठेवायची असते. कुणी शहाणपणा करून मेन स्विच पाडला, तर मला फोन करू नका.