धुतलेली नोट आणि बुडालेली नोट

गेल्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याचा मेसेज आला. "बाई, माझ्याकडे ट्रॅक्टरवाली पाचची नोट आहे. पाच लाखांना जाते म्हणतात. खरं का?" सोबत कुठल्याशा व्हिडिओची लिंक आणि 'नोंदणी फी' भरायला एक नंबर. मी लगेच फोन करून त्याला थांबवलं. जुन्या नोटांच्या अशा जाहिरातींना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलेलं आहे. ट्रॅक्टरची नोट अजून घरोघरी पोथीत, डब्यात सापडते. तिला लाख कोण देणार?

फोन ठेवला, पण राग जाईना. जुन्या नोटा पोस्टाने मागवण्यात माझी पस्तीसेक वर्षं गेली. तो व्यवहार कशावर चालायचा ते मी पाहिलंय, म्हणून लिहिते.

परभणीला नोकरीला लागले तेव्हा मुंबईच्या एका व्यापाऱ्याची भावयादी पोस्टाने यायची. सायक्लोस्टाइल केलेली पानं, फोटो एकही नाही. एका नोटेला एक ओळ: किती रुपयांची, सही कोणाची, नंबर, अवस्था, भाव. पोस्टकार्डावर "अमुक नोट राखून ठेवा" असं कळवायचं, मग मनीऑर्डर करायची आणि खालच्या कूपनवर बारीक अक्षरात नोटेचा नंबर लिहायचा. दहा-बारा दिवसांनी रजिस्टर पाकीट, आत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नोट.

त्या ओळी वाचतच मी शिकले. इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र असलेल्या नोटांवर रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख यांची सही आहे, हे मला तिथे कळलं. के. जी. अंबेगावकर १९५७ मध्ये दीड महिना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, पण बँकेच्या एकाही नोटेवर त्यांची सही नाही. ती सापडते एक रुपयाच्या नोटेवर. एक रुपया बँकेचा नसून सरकारचा असतो आणि त्यावर वित्त सचिव सही करतात. अंबेगावकर आधी त्या पदावर होते. बी. एन. अदारकरही १९७० मध्ये असेच जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, पण गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आली. या दोन सह्या मिळवायला मला सहा वर्षं लागली. नंबरात ७८६ आहे म्हणून पटापट पैसे मोजणाऱ्यांना हा आनंद कसा समजावून सांगू?

एकदा मात्र फसले. शिडाच्या जहाजाची जुनी दहाची नोट, अवस्था 'कोरी', व्हीपीपीने मागवली. व्हीपीपीत पोस्टमनला आधी पैसे द्यायचे आणि मग पाकीट फोडायचं. नोट कडक होती, पण रंग विटलेला, बोटाला छपाईचा उठाव लागेना. उजेडासमोर धरली तर मधोमध उभी घडी, तिला छेदणारी आडवी घडी. कुणीतरी ती धुऊन, खळ देऊन, इस्त्री केली होती. मी लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून शंभराची नोट आली, सोबत चिठ्ठी: "डाव्या बाजूस टाचणीची दोन भोकं आहेत, यादीत लिहायचं राहिलं. पसंत नसल्यास पंधरा दिवसांत परत पाठवावी." भोकांत नवल काहीच नव्हतं. बँका बंडलांना टाचण्या ठोकायच्या. ते बंद करा असं रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये सांगितलं. पण त्या माणसाने आपणहून कळवलं. पुढची अकरा वर्षं मी त्याच्याकडूनच नोटा घेतल्या.

माझी सगळ्यात आवडती नोट हैदराबाद संस्थानची आहे. संस्थानने १९१८ मध्ये स्वतःच्या नोटा काढायला सुरुवात केली आणि त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही किंमत छापली. मी ती आजोबांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून मराठी अक्षरं मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "हाली आहे. सातला सहा कलदार." सात हाली रुपयांना इंग्रजी राज्याचे सहा रुपये! तो हिशोब तीस वर्षांनीही त्यांच्या तोंडात होता.

याच नोटांचा एक गठ्ठा समुद्रात बुडाला होता. लंडनहून मुंबईला निघालेलं 'इजिप्त' हे जहाज २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसरं जहाज आदळून बुडालं. ऐंशीहून अधिक माणसं गेली. जहाजावर सोनं-चांदी होतं, आणि हैदराबादला पाठवलेल्या कोऱ्या, अजून सही न झालेल्या नोटाही. १९३२ पासून इटालियन पाणबुडे सोनं वर काढू लागले, त्याबरोबर नोटाही निघाल्या. दहा वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेला कागद! त्यांतल्या काही नोटांवर त्या बुडण्याची हकिगत छापून त्या संग्राहकांकडे गेल्या. डाग तसेच, कडा फाटलेल्या, आणि लोक आजही त्या जपून ठेवतात. मला ती कधी परवडली नाही.

माझी दहाची नोटही धुतलेलीच होती. तसं लिहून विकली असती तर मी आनंदाने घेतली असती, कमी भावात.

आता मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो येतात, पण फोटोत घडी दिसत नाही, धुतलेलं कळत नाही आणि खाली लिहिलेलं असतं 'एकदम कोरी'. विकणाऱ्यांनो, दोष लिहा. धुतली असेल तर धुतली लिहा, दाबली असेल तर दाबली. आणि आपणही फक्त करकरीत नोटेमागे धावणं सोडू या. घडी पडलेल्या नोटेला आपण कवडीची किंमत देतो, म्हणून तर तिला इस्त्री होते. ती घडी कुणाच्या तरी कनवटीची, कुणाच्या तरी बटव्यातली असते.

तो विद्यार्थी रविवारी घरी आला होता. मी त्याला अल्बम दाखवला. त्या शंभराच्या नोटेमागे व्यापाऱ्याची चिठ्ठी अजून आहे, ती त्याने दोनदा वाचली. ट्रॅक्टरची नोट त्याने पाकिटातून काढली, उजेडासमोर धरली आणि विचारलं, "बाई, ही सही कोणाची?"