व्हर्नचा बुंदेलखंड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीतल्या भारतावरचा माझा लेख तुम्हाला ‘आजचा चष्मा लावून गायलेलं रडगाणं’ वाटला. मतभेद चालतील, रडगाणं हा शब्द चालणार नाही. व्हर्न मी मूळ फ्रेंचमध्ये वाचतो आणि तो आवडतो म्हणूनच एवढं बारकाईनं लिहिलं.

तुमची एक दुरुस्ती मान्य. कादंबरीचा इंग्रज नायक फॉग यानं हत्ती 2,000 पौंडांना घेतला, मी रुपये लिहिले होते. बदललं.

आता तुमचं ते वाक्य: ‘1872 साली फ्रान्समध्ये बसलेल्या माणसाला इथली माहिती मिळणार कुठून?’ अहो, मिळाली होती! गाडी साष्टी ओलांडून ठाण्यापाशी मुख्य भूमीवर येते, घाट चढते, ईशान्येला बऱ्हाणपूर गाठते आणि बुंदेलखंडाच्या कडेकडेनं अलाहाबादला जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग त्यानं नीट दिलाय. मुंबई ते अलाहाबाद रूळ मार्च 1870 मध्येच जोडले गेले होते. तरी ऑक्टोबर 1872 मध्ये आलेल्या फॉगपुढे ते खोल्बी नावाच्या कल्पित गावाशी संपतात आणि पन्नास मैल उरतात. कादंबरीकाराला एवढी मोकळीक असावीच. त्या पन्नास मैलांत त्यानं काय भरलं, हा माझा प्रश्न होता.

तिथे फॉगचा सहप्रवासी, इंग्रज जनरल क्रोमार्टी सांगतो की या मुलखात इंग्रजांचं काही चालत नाही. याच बुंदेलखंडातली झाशी 1854 मध्ये खालसा झाली होती आणि उरलेल्या संस्थानांवर पोलिटिकल एजंटची, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीची, नजर होती. इंग्रजांना इथे हतबल दाखवलं, की फॉगच्या शौर्याला जागा होते.

आणि फॉग जिला वाचवतो ती औदा. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, इंग्रजी शिकलेली, आणि तिला बुंदेली राजाच्या चितेवर चढवायला निघालेत. पारशी अग्नीला इतकं पवित्र मानतात की परंपरेनं प्रेत त्याच्या स्वाधीन करत नाहीत. त्यांचे दोखमे, म्हणजे प्रेतं ठेवायचे मनोरे, मुंबईच्या मलबार हिलवर आहेत, आणि फॉगचा नोकर पासपार्तू बूट घालून ज्या देवळात शिरतो तेही त्याच टेकडीवरचं. मग सती जायला पारशीणच का? कारण ती युरोपियन बाईसारखी गोरी आहे, असं व्हर्न स्वतः लिहितो. वाचकाला जिची कणव यावी ती अशी, आणि भोवती आरडाओरडा करणारे फकीर, पुढे चार हातांची काली. यात माहिती कुठे कमी पडली? ही त्याची निवड आहे. निवडीचा जाब दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकालाही विचारता येतो.

व्हर्नचाच दुसरा नायक कॅप्टन निमो बुंदेलखंडचाच राजपुत्र, हे मलाही ठाऊक आहे. ते दुसरं पुस्तक, इथे नको. बाकीच्या मुद्द्यांची उत्तरं लेखातच आहेत. शेवटपर्यंत वाचला असता तर दिसली असती.

पुढच्या वेळी प्रकरणाचा आकडा देऊन लिहा. हे सगळं दहाव्या ते तेराव्या प्रकरणांत आहे.