पंगतीत आमचं पान कितवं

सगळी सुरुवात भाच्याच्या फोनने झाली. रविवारी सकाळी, म्हणजे आमच्या सकाळी, त्याच्याकडे शनिवारची रात्र असते, तो न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल करतो आणि मी नेमका तेव्हा पोह्यांवर सेव आणि जीरावन मसाला घालत असतो, म्हणजे इंदूरचा माणूस आठवड्यात सगळ्यात जास्त सुखी असतो तो क्षण. तर हा म्हणाला, "मामा, इकडे अमेरिकेत २०२४ सालचं घराचं मीडियन उत्पन्न ८३,७३० डॉलर निघालं, जनगणना खात्याचा आकडा आहे, आम्ही दोघं मिळून बरेच वर आहोत. तुझं काय?"

तुझं काय! मला इतकंच माहीत की एक तारखेला पगार येतो आणि बारा तारखेला तो कुठे गेला यावर चर्चा होते.

मीडियन म्हणजे काय हेही नक्की ठाऊक नव्हतं, पण आमच्याकडे वरच्या खोलीत दोन भाडेकरू मुलं आहेत, भंवरकुआं भागात एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेशच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेचा, क्लास करून राहिलेत, त्यातला एक जिन्यातच सापडला. "अंकल, माध्यिका," असं म्हणून तो असा काही सुरू झाला की मी टॉवेलसकट दहा मिनिटं पायरीवर उभा. मला समजलं ते आमच्या भाषेत सांगतो. पंगत बसलीये, पण कोण किती लाडू खातो त्या क्रमाने. सगळ्यात कमी खाणारा या टोकाला, खादाड त्या टोकाला. आता अगदी मधोमध जो बसलाय त्याच्या पानावर किती लाडू आहेत, तर ते मीडियन. त्या टोकाचा खादाड दहा खाओ नाहीतर पन्नास, मधल्याच्या पानावर तेवढेच राहणार. सरासरी काढली तर मात्र तो एकटा खादाड सगळ्यांच्या नावावर लाडू चढवून जातो, आणि ज्याने एकच खाल्लाय त्याचाही रेकॉर्डवर अडीच.

म्हणजे आधी स्वतःचे लाडू मोजायला हवेत. सोपं वाटलं. मुलाच्या जुन्या रफ वहीचं पान फाडलं, डायनिंग टेबलवर बसलो, चष्मा लावला आणि घरच्यांना बोलावलं.

पहिला आकडा माझा. "हातात अडतीस हजार," मी जरा खोकून सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि परत मटार सोलायला लागली. मग आई. बाबांची फॅमिली पेन्शन येते तिला, पण आकडा विचारल्यावर तिचा चेहरा असा झाला जणू मी तिचं वय विचारलं. "अरे, काय येते ती, औषधातच जाते." किती येते आई? "पुरते बाबा माझ्यापुरती." शेवटी पासबुकच मागून घेतलं, ११,५००. पासबुक माझ्या हातात होतं तेवढा वेळ तिने त्याच्यावरची नजर काढली नाही. वरच्या खोलीचं भाडं पाच हजार, ते लपवण्यासारखं नव्हतंच. बायकोच्या ट्यूशन? "अहो, ते कसलं उत्पन्न, फुटकळ आहे." फुटकळ किती? "लिहा तीन." आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी नऊ चपलांचे जोड असतात, मी स्वतः मोजलेत, पण लिहिलं तीन. चिरंजीव एका कंपनीत इंटर्न आहेत, त्यांनी हेडफोन काढून "स्टायपेंड इज नॉट इन्कम बाबा" एवढं सांगून परत लावला.

एकूण ५७,५००. वर्षाचे सहा लाख नव्वद हजार. पान घेऊन परत जिन्यात गेलो. पोरगं म्हणालं, अंकल, देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण दोन लाख धरा. आम्ही माणसं चार, म्हणजे आठ लाख पाहिजेत, म्हणजे आम्ही सरळसरळ खाली! तीस वर्षं कामाला पीथमपूरची बस पकडून शेवटी सरासरीच्याही खाली. जेवण गेलं नाही मला. मग त्यालाच दया आली असावी, दुपारी खाली येऊन म्हणाला, अंकल टेन्शन मत लो, ते दोन लाख म्हणजे कोणाच्या घरात आलेले पैसे नाहीत, अख्ख्या देशाचं उत्पन्न भागिले लोकसंख्या आहे, कंपन्यांचा नफासुद्धा त्यात धरलेला असतो. म्हणजे तोच खादाड. मग घरांचं मीडियन सांग ना बाळा. तर अमेरिकेसारखा दरवर्षी निघणारा सरकारी आकडा आपल्याकडे नाहीच! आपल्याकडे सरकार सहसा घराची एकूण कमाई विचारत नाही, काय खर्च करता ते विचारतं. २०२३-२४ मध्ये अडीच लाखांवर घरांत जाऊन विचारलं, तर शहरात माणशी महिन्याचा सरासरी खर्च निघाला ६,९९६ रुपये, खेड्यात ४,१२२. आणि शहरातले सगळ्यात वरचे पाच टक्के लोक, त्यांचा माणशी २०,३१०.

आता खर्च म्हटल्यावर बायको मटार सोडून आली. आमच्या घरात खर्च तोंडपाठ आहे. किराणा, दूध, गॅस, आईच्या गोळ्या, पेट्रोल, तीन मोबाइलचे रिचार्ज, सराफा बाजारात रात्री खाल्लेला भुट्ट्याचा कीस आणि गराडू (हे मी वेगळं लिहायचं नाही म्हणत होतो, तिने लिहिलं, वर तारखेसकट लिहिलं), सगळं मिळून ४६,०००. माणशी साडेअकरा हजार. म्हणजे शहरी सरासरीच्या दीडपटीहून जास्त! सकाळी खाली, दुपारी वर, मी तर खुर्चीत ताठच बसलो. पण आई घाबरली. "हळू बोल. वरची पोरं ऐकतील, भाडं कमी करा म्हणतील." आणि मग, "कामवालीसमोर तर अजिबात बोलू नकोस." चाळीस वर्षं आम्ही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवून घेतोय, कोणी वरचं म्हटलं की आमच्याकडे दृष्ट काढायची पद्धत आहे.

तोवर माझं लक्ष पानावर गेलं. खर्च ४६, घराचा हप्ता १४, बायकोची भिशी ५, पोस्टातलं आरडी ३. झाले ६८,०००. आणि आवक ५७,५००. अहो, दर महिन्याला आमच्याकडे साडेदहा हजार रुपये आकाशातून पडतात! मी तीनदा बेरीज केली. मग सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. आई पासबुक पदराखाली सरकवत होती, चिरंजीव अचानक मटार सोलायला लागले होते, बायको उठून आत गेली आणि तूरडाळीचा डबा, जो कायम खालच्या फळीवर असतो, तो वरच्या फळीवर ठेवण्याचा आवाज आला.

हे ऐकून वरचं पोरगं इतकं हसलं की मला रागच आला. म्हणे अंकल, तुमच्या घरात तर राष्ट्रीय सर्वे झाला. सरकारने पन्नास-साठच्या दशकात लोकांना उत्पन्न विचारून पाहिलं होतं, तेव्हा उत्पन्नाचा आकडा खर्च अधिक बचतीपेक्षा कमीच भरला. म्हणजे अख्खा देश कमावतो त्याहून जास्त खातो आणि वर शिल्लकही टाकतो! मग ते कोणाला जमेना. आता २०२६ मध्ये खास घरगुती उत्पन्नाचाच सर्वे करायचं ठरवलंय म्हणे. मला त्या बिचाऱ्या सर्वेवाल्याची काळजी वाटली, आमच्याच गल्लीत आला तर आई त्याला चहा देईल, पोहे देईल, नातवाचं लग्न कुठे जमतंय का तेही विचारेल, पेन्शन तेवढी सांगणार नाही.

पुढच्या रविवारी परत फोन. परत पोहे. "मामा, काढलंस का मग? घरात एकूण किती येतात?" मी म्हटलं, अरे, आपल्याकडे असं ठोस नसतं, पण माझे म्हणशील तर हातात अडतीस हजार.

"एक्केचाळीस हजार दोनशे," स्वयंपाकघरातून आवाज आला, "बँकेचा मेसेज मी आधी वाचते. जिलबी घेताय ना अजून?"