"खासदाराला सांगा ना!"

पुण्याच्या भाच्याला फोनवर म्हटलं, बस बंद पडली. लगेच सल्ला: "मामा, खासदाराला सांगा ना!" अरे बाबा, खासदार काय कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर बसतो?

आमचा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ नकाशात बघ एकदा. सहा विधानसभा, तीन जिल्हे. वर आमगाव, छत्तीसगडला लागून. खाली सिरोंचा, नदी ओलांडली की तेलंगणा. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशेहून जास्त किलोमीटर! पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहते, तेव्हा काय खासदाराने डोंग्यातून यायचं? की आम्ही पोहत जायचं निवेदन द्यायला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून?

बरं, निधी? वर्षाला ५ कोटी. मुंबईतल्या खासदारालाही तेवढेच! तिकडे दोन स्टेशनांत मतदारसंघ संपतो, इकडे पाच कोटींचे सहा तुकडे केले की एकेका विधानसभेला ८३ लाख. त्यात रस्ता करा, पूल करा, वर समाजमंदिरही बांधा. हो, समाजमंदिर आधी!

आणि मतदान? २०२४ च्या लोकसभेला आमच्या चार विधानसभांत दुपारी ३ ला खेळ खलास. भर उन्हात जंगलातून चालत जाऊन लोकांनी रांग लावली. तरी टक्केवारीत राज्यात पहिले आम्ही! पुण्याची टक्केवारी विचारू का, भाच्या? नको, राहू दे.

बस अजून आलेली नाही. मी फाट्यावरच उभा आहे.