ब्रॉडकॉमचे वाय-फाय कार्ड आणि लिनक्स : एक खुलासा

लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली टाकल्यानंतर वाय-फाय दिसेनासे झाले, तर ब्रॉडकॉम कंपनीचे वाय-फाय कार्ड लिनक्सवर चालतच नाही आणि ते बदलावेच लागते, असा सल्ला फिरत आहे. तो सरसकट खरा नाही. यांपैकी अनेक कार्डांना बंदिस्त, म्हणजे मूळ कोड खुला नसलेले, फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) किंवा ड्रायव्हर (कार्ड आणि लिनक्स यांना जोडणारे सॉफ्टवेअर) लागते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर येऊ लागले असले, तरी जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचे फर्मवेअर पुनर्वितरणाची परवानगी नसल्यामुळे त्यात नसते, ते वेगळे उतरवावे लागते.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा ‘-एनएनके’ (-nnk) पर्यायासह दिल्यावर कार्डाच्या नावाखाली वापरातील ड्रायव्हरची ओळ दिसत नसेल, तर दोष बहुधा कार्डाचा नसून ड्रायव्हर जोडला न गेल्याचा असतो. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर फोनच्या यूएसबी टेदरिंगने तात्पुरते इंटरनेट घेऊन ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून तो बसवता येतो. मात्र सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असल्यास संगणक पुन्हा सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवावी लागते. घाईत ती पायरी ओलांडली, की ड्रायव्हर बसूनही कार्ड गप्पच राहते आणि खापर नेमके कार्डावर फुटते. वायरलेस चालू की बंद हे दाखवणाऱ्या ‘आरएफकिल’ (rfkill) या आज्ञेने हार्ड ब्लॉक, म्हणजे यंत्राच्या पातळीवरच वायरलेस बंद असल्याचे, दाखवले, तर आधी लॅपटॉपवरचे वायरलेसचे बटण तपासावे.